कोठारातील धान्य आणि वहीतील नाव
रायगड किनाऱ्यावरील शिधाव्यवस्थेचा प्रवास

रायगड जिल्ह्याला भाताचे कोठार म्हणण्याची प्रथा जुनी आहे. पेण, अलिबाग, उरण, पनवेल येथील खारभूमीच्या शेतांनी आणि रोहा, माणगाव, महाडच्या खोऱ्यांनी मुंबईच्या चुली पिढ्यान्‌पिढ्या पेटत्या ठेवल्या. धरमतरच्या खाडीतून भाताने भरलेली गलबते मुंबई बंदराकडे जात आणि परतताना कापड, मीठ-मसाला, लोखंडी सामान घेऊन येत. १९८१ पर्यंत ‘कुलाबा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात भुकेचा प्रश्न उद्भवण्याचे वास्तविक काही कारण नव्हते. तथापि याच जिल्ह्यातील अनेक वाड्यांवर दरवर्षी आषाढ-श्रावणात चूल एक वेळ पेटे, दुसऱ्या वेळी पेटत नसे, हेही तितकेच खरे आहे.

या विसंगतीचा उलगडा करणे हाच या लेखाचा हेतू होय. येथील भुकेले घर आणि धान्याचे कोठार यांच्यातील अंतर मैलांचे कधीच नव्हते. ते नोंदीचे होते. ज्याचे नाव वहीत त्याला माल, ज्याचे नाव नाही त्याला उपास, असा हा हिशेब होता. वही कधी खोताची होती, कधी सावकाराची, पुढे सरकारची झाली आणि आज ती संगणकात गेली आहे. वही बदलत गेली तसतसा तीत नाव घालण्याचा झगडाही बदलत गेला. त्या झगड्याचा इतिहास हाच येथील अन्नसाहाय्याचा इतिहास आहे.

खोताची कणगी

इंग्रजी अमदानीत कुलाबा जिल्ह्याच्या मोठ्या भागात खोती पद्धत होती. कूळ जमीन कसे. पीक खळ्यावर आले की खोताचा वाटा, मागील बाकी आणि तिच्यावरील वाढ वळती होऊन उरेल ते कुळाच्या घरी जाई. ते पौषापर्यंत पुरले तरी पुष्कळ. पुढे पावसाळ्यात खाण्यासाठी त्याच खोताच्या कणगीतून भात उसने आणावे लागे. त्याला ‘खावटी’ म्हणत. एक मण नेले तर सुगीत दीड मण परत, हा दिढीचा दर सर्वसामान्य मानला जाई. स्वतः पिकवलेले भात स्वतःलाच व्याजाने घ्यावे लागणे ही त्या काळची रीत होती.

या रीतीविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील हा संप १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षे शेते पडीक ठेवून, रानातील लाकूडफाटा विकून कुटुंबांनी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती नाहीशी करणारा कायदा १९४९ साली झाला. कुळांची नावे हळूहळू सातबारावर चढू लागली.

परंतु ज्यांना कुळाचाही दर्जा नव्हता असा एक समाज या सर्व घडामोडींच्या बाहेर राहिला. तो म्हणजे कातकरी समाज. खैराच्या झाडापासून कात काढणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय आणि त्यावरूनच त्यांचे नाव. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावर सरकारी पहारा आला आणि हा व्यवसाय मोडत गेला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे झालेल्या जंगल सत्याग्रहातील हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे, ते उगाच नव्हे. रान गेले त्याबरोबर कडूकंद, रानभाज्या, मध, शिकार हे त्यांचे पोटाचे साधनही आक्रसले. जमीन नाही, रानाचा हक्क नाही. उरली ती मजुरी.

युद्धाने दिलेले कार्ड

दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. त्या तांदळावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या मुंबईची कोंडी झाली. २ मे १९४३ रोजी मुंबईत शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. तेथे बाजारात तांदूळ नव्हता असे नाही. तो विकत घेण्याची ऐपत गरिबांकडे राहिली नव्हती. कार्डावर ठराविक भावाने ठराविक माप मिळण्याचे महत्त्व त्या काळाने सर्वांना शिकवले.

ही व्यवस्था मुळात शहरासाठी, गिरणीसाठी आणि गोदीसाठी होती. खेड्यातील शेतकऱ्याशी तिचा संबंध प्रामुख्याने लेव्हीपुरता आला. त्याच्याकडून धान्य घ्यावयाचे आणि शहराला पुरवावयाचे. खेड्यातही धान्य विकत घेऊन खाणारा भूमिहीन माणूस असतो, ही गोष्ट धोरणाच्या नजरेत येण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

स्वातंत्र्यानंतर नियंत्रणे काही काळ उठली, पुन्हा बसली आणि १९५४ पर्यंत बहुतांशी संपुष्टात आली. साठीच्या दशकातील टंचाईने रास्त भाव दुकानांना पुन्हा महत्त्व आले. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळाची स्थापना झाली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लाल मिलो खाल्ला आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या लाटणे मोर्चांनी तेल, साखर, रॉकेल आणि धान्य यांचा प्रश्न थेट मंत्रालयाच्या दारी नेला. या दुष्काळाने राज्याला रोजगार हमी योजना दिली. कोकणात पाऊस भरपूर पडत असल्यामुळे ‘दुष्काळ’ हा शब्द मात्र येथील भुकेला कधी लागू पडला नाही. येथील भूक मुसळधार पावसातली होती.

पावसाळ्याचे चार महिने

कातकरी कुटुंबाचे वर्ष समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न समजणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास भातकापणी उरकली की मुकादम वाडीवर येतो, हातावर ‘उचल’ ठेवतो आणि कुटुंबेच्या कुटुंबे विटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर निघून जातात. मृगाच्या तोंडावर भट्टी बंद झाली की हिशेब होतो. उचल, आठवड्याचा खर्च आणि आजारपणासाठी घेतलेले पैसे वजा जाता हाती फारसे उरत नाही. कधी उलट देणेच निघते. परतल्यावर लावणीची मजुरी काही आठवडे मिळते. त्यानंतर कापणीपर्यंत काम नाही. ओढ्यातील मासे, चिंबोऱ्या, रानभाजी आणि उसने तांदूळ यांवर दिवस निघतात. या उसनवारीसाठीच पुढच्या वर्षीची उचल घ्यावी लागते. अशा रीतीने पावसाळ्यातील चार पायली तांदूळ उन्हाळ्यातील सहा महिन्यांची मजुरी बांधून टाकतात.

या साखळीवर घाव घालण्याचे दोन प्रयत्न उल्लेखनीय आहेत. पहिला शासनाचा. १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज योजना सुरू झाली. सावकाराचाच शब्द शासनाने उचलला आणि पावसाळ्यात धान्य व किराणा देऊ केला. योजनेमागील भावना योग्य होती. पण ती कर्जरूप असल्याने थकबाकी साचत गेली आणि २०१३-१४ नंतर ती थंडावली.

दुसरा प्रयत्न कर्जत तालुक्यातील कशेळे येथील ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेचा. १९८० च्या दशकात तिने ठाकूर व कातकरी वाड्यांवर धान्यबँका उभ्या केल्या. कल्पना अगदी साधी. वाडीतील सभासदांचे सामाईक भात एका कोठीत ठेवावयाचे; पावसाळ्यात गरजेप्रमाणे उचलावयाचे; सुगीत थोड्या वाढीसह परत करावयाचे. दिढी-दुपटीने देणारा सावकार बाजूला पडला आणि वाढीचे भात वाडीच्याच कोठीत जमू लागले. वही सभासदांचीच असल्याने नाव आहे की नाही हा प्रश्नच उरला नाही. पुढे १९९६-९७ मध्ये केंद्र शासनानेही आदिवासी भागांसाठी ग्राम धान्यबँक योजना आणली.

तीन रंगांची कार्डे

१९९७ पर्यंत रेशन सर्वांसाठी होते. निदान कागदोपत्री तरी. जून १९९७ मध्ये केंद्राने लक्ष्यनिर्धारित व्यवस्था आणली आणि दारिद्र्यरेषेखालील व वरील असे दोन भाग पडले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या. वार्षिक १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्नाला पिवळी, त्यावर १ लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिकाला पांढरी. हेतू असा की जे थोडे आहे ते अत्यंत गरजूला मिळावे.

परंतु पिवळे कार्ड मिळण्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे. यादीत नाव येण्यासाठी पाहणीच्या दिवशी घरी असावयास हवे. पाहणी उन्हाळ्यात झाली तर कातकरी भट्टीवर. घराला घरपट्टीची पावती हवी. वाडी मालकाच्या किंवा वनखात्याच्या जागेवर असल्याने पावती नाही. जन्माचा दाखला नाही, शाळेचा नाही, जातीचा नाही. परिणामी ज्यांच्यासाठी कार्ड काढले तेच त्यापासून दूर राहिले आणि ज्यांच्याजवळ कागद होते त्यांच्या हाती ते सुलभतेने गेले. कातकऱ्यांच्या राहत्या जागेचा हा पेच मिलिंद बोकील यांनी ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ या पुस्तकात मांडला आहे.

२५ डिसेंबर २००० रोजी अंत्योदय अन्न योजना सुरू झाली. देशातील १ कोटी अतिदरिद्री कुटुंबांना २ रुपयांनी गहू आणि ३ रुपयांनी तांदूळ. आरंभीचे माप २५ किलो होते. १ एप्रिल २००२ पासून ते ३५ किलो झाले.

न्यायालयाचे दार

२००१ साली देशाची गोदामे धान्याने ओसंडून वाहत असता राजस्थानात दुष्काळी भागात उपासमार चालू होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने एप्रिल २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने अन्नाच्या आठ योजना न्यायालयाने हक्काच्या पातळीवर आणल्या. शाळेतील शिजवलेले मध्यान्ह भोजन त्यांपैकी एक. अंमलबजावणी पाहण्यासाठी २००२ मध्ये डॉ. एन. सी. सक्सेना आणि एस. आर. शंकरन यांची आयुक्त म्हणून नेमणूक झाली.

रायगडच्या दृष्टीने २ मे २००३ चा आदेश फार महत्त्वाचा होय. निराधार वृद्ध, विधवा, अपंग यांच्याबरोबरच आदिम जमातींच्या सर्व कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्या वर्गात मोडतात. म्हणजे कातकरी कुटुंबाने आपले दारिद्र्य सिद्ध करण्याची गरज संपली. त्याच आदेशात दुकान महिनाभर उघडे ठेवावे, ग्राहकाचे कार्ड दुकानात ठेवून घेऊ नये आणि धान्य हप्त्याहप्त्याने घेऊ द्यावे, असेही होते. यातील शेवटची सूचना वरवर किरकोळ वाटते. पण रोजची मजुरी रोज खाणाऱ्याकडे ३५ किलो तांदळाचे १०५ रुपये एकदम नसत. पाच-पाच किलो उचलण्याची मुभा मिळाली नाही तर कोटा तसाच बुडे.

आदेश दिल्लीत झाला. तो वाडीवर आणणे हे निराळेच काम होते. उल्का महाजन यांचे सर्वहारा जन आंदोलन आणि सुरेखा दळवी यांची श्रमिक क्रांती संघटना जिल्ह्यात जमिनीच्या व वनहक्काच्या प्रश्नांवर काम करीत होत्या. अशा संघटनांनी रेशनचा प्रश्नही लावून धरला आणि पुढे राज्यपातळीवर अन्न अधिकार अभियान उभे राहिले. प्रत्यक्ष काम दिसावयास अगदी रूक्ष. वाडीवर बसून कुटुंबांची नावे लिहावयाची, अर्ज भरावयाचे, तलाठ्याची गृहचौकशी करवून घ्यावयाची, तहसील कचेरीतील पुरवठा शाखेत पोच घ्यावयाची आणि कार्ड हाती येईपर्यंत फेऱ्या मारावयाच्या. अनेक शिक्षक, ग्रामसेवक आणि तळमळीचे अधिकारीही या कामात सहभागी झाले. पुढील काळात कोकण विभागात कातकरी उत्थान अभियानातून आणि १५ नोव्हेंबर २०२३ पासूनच्या पीएम-जनमन मोहिमेतून आधार, जातीचे दाखले आणि इतर कागदपत्रे वाडीवर जाऊन देण्याचे प्रयत्न झाले. कागदासाठी माणसाने कचेरीत जाण्याऐवजी कचेरी माणसाकडे येते तेव्हा किती फरक पडतो, हे यातून दिसून आले.

कायदा आणि त्याचे गणित

२०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. अंत्योदय कुटुंबाला पूर्वीप्रमाणे ३५ किलो, तर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. राज्यात प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार व शहरी भागात ५९ हजार रुपये ठेवण्यात आली. घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख झाली. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी तसेच चालू राहिले.

भावाचा प्रश्न मिटला; मापाचा आणि नोंदीचा उरला. अंत्योदयचे ३५ किलो कुटुंबाला आहेत, माणसाला नाहीत. घरात दोन माणसे असली तरी ३५ आणि नऊ असली तरी ३५. नऊ माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला ४५ किलो मिळतात, तेव्हा सर्वांत गरीब ठरवलेल्या तेवढ्याच मोठ्या कुटुंबाला १० किलो कमी. मुलांची लग्ने झाली, चुली वेगळ्या झाल्या, तरी कार्ड विभक्त झाले नाही तर एका कार्डावर तीन संसार चालतात. विभक्त कार्डासाठी अर्ज केला की उत्तर मिळते, ‘इष्टांक पूर्ण’.

हा इष्टांक म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली कमाल संख्या. महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी असून २०११ च्या जनगणनेवरून बांधलेली आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे आकडा तेथेच थांबला. मधल्या काळात जन्मलेली मुले आणि सासरी आलेल्या सुना कोणाचे तरी नाव कमी झाल्याशिवाय यादीत येऊ शकत नाहीत. २०११ मध्ये रायगडची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती. त्यांतील सुमारे ३ लाख आदिवासी. त्यानंतर जिल्हा किती बदलला हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. मोजमाप मात्र जुन्याच पट्टीने चालू आहे.

अंगठ्याची कसोटी

२०१७-१८ च्या सुमारास दुकानांत ई-पॉस यंत्रे आली. बनावट कार्डांना आळा बसला, कोणी किती उचलले याची नोंद राहू लागली, हे नाकारता येणार नाही. परंतु वीट थापणाऱ्या, मिठागरात राबणाऱ्या, जाळे ओढणाऱ्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. खाडीपलीकडच्या गावात रेंज नसते. यंत्राने अंगठा ओळखला नाही की माणूस समोर उभा असून अनुपस्थित ठरतो.

२०२० हे वर्ष या व्यवस्थेची परीक्षा घेणारे ठरले. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि भट्ट्यांवरची कुटुंबे जेथल्या तेथे अडकली. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग, म्हसळा तालुक्यांत घरांची छपरे उडाली, नारळ-सुपारीच्या वाड्या झोपल्या, वीज कित्येक दिवस गेली. घरातील धान्य भिजले. त्या काळात माणशी ५ किलो जादा मोफत तांदूळ मिळाला, अंगठ्याची सक्ती शिथिल करून दुकानदाराच्या पडताळणीवर धान्य देण्याची मुभा राज्याने दिली आणि कार्ड नसलेल्यांसाठीही काही काळ तांदूळ आला. बंद पडलेली खावटी त्या वर्षी अनुदान म्हणून परत आली. कुटुंबाला ४ हजार रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपात. संकटात नियम सैल करता येतात आणि तसे केल्याने व्यवस्था कोसळत नाही, हा त्या वर्षाचा धडा होय.

‘एक देश एक रेशन कार्ड’ या योजनेचा प्रारंभ ऑगस्ट २०१९ मध्ये गुजरात-महाराष्ट्र आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून झाला. भट्टीवरच्या कुटुंबाला तेथील दुकानातून आपले धान्य घेता येणे, ही या समाजाच्या दृष्टीने क्रांतीच म्हणावी लागेल. मात्र भट्टीपासून दुकान किती दूर, कार्ड आधारशी जोडलेले आहे का आणि हा हक्क त्या कुटुंबाला ठाऊक तरी आहे का, यांवर सर्व अवलंबून आहे. महिनोन्‌महिने धान्य न उचलल्यास कार्ड बंद पडण्याची धास्तीही आहेच.

समारोप

या दीर्घ प्रवासाचा जमाखर्च मांडला तर जमेची बाजू निश्चितच मोठी आहे. दिढीने उसने आणलेल्या भातापासून मोफत मिळणाऱ्या ३५ किलोपर्यंतचे अंतर थोडे नाही. चरीच्या संपकऱ्यांना वा चिरनेरच्या हुतात्म्यांना हे स्वप्नवत वाटले असते. कायद्याने तक्रारीचे मार्गही दिले आहेत. दुकानस्तरावर दक्षता समिती, जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी, राज्यात अन्न आयोग, १९६७ हा दूरध्वनी क्रमांक आणि धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता.

देण्याच्या बाजूला आहे ते एवढेच, की हे सर्व मार्ग ज्याला वाचता येते त्याच्यासाठी उघडे आहेत. अन्नदान करणारे हात आपल्या समाजात कधी कमी पडले नाहीत. महापूर येवो की वादळ, धान्याच्या गोणी किनाऱ्यावर पोहोचतात. पण दिलेली गोणी महिनाभर पुरते आणि यादीत चढलेले नाव वर्षानुवर्षे पुरते. पावसाळ्यापूर्वी एका वाडीवर जाऊन विभक्त कार्डाचे दहा अर्ज भरून देणे, चुकलेले आधार दुरुस्त करून देणे, भट्टीवर निघालेल्या कुटुंबाला तेथील दुकान दाखवून देणे, या कामांना पैसा फार लागत नाही. वेळ, अक्षर आणि चिकाटी लागते.

रायगडचे कोठार आजही भरलेले आहे. मृगाचा पाऊस पडला, भट्टी विझली आणि माणसे वाडीवर परतली म्हणजे त्या कोठारातील आपला वाटा त्यांना मान खाली न घालता उचलता यावा, यासाठी वहीत नाव हवे. ते नाव लिहिण्याचे काम अजून पुरे झालेले नाही.